गाडीखान्यातील कर्मशाळा

परदेशगमन करून आलेले आपले लोक प्रवासवर्णने लिहितात, तेव्हा त्यांत गगनचुंबी इमारती, लांबलचक पूल, नायगाऱ्याचा धबधबा आणि मोठमोठी दुकाने यांची वर्णने बहुधा यावयाचीच. ती वाचून मनोरंजन होते आणि ज्ञानही थोडेबहुत वाढते, यात संशय नाही. परंतु त्या देशातील साधी माणसे सुटीच्या दिवशी आपल्या घरी काय करीत असतात, मोडलेली खुर्ची कोण दुरुस्त करतो, हातोडा कोठे ठेवतात आणि ठेवलेला हातोडा पुन्हा सापडतो की नाही, याविषयी कोणी फारसे लिहीत नाही. वस्तुतः कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस याच गोष्टी अधिक उपयोगी पडण्याजोग्या आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात मी एकाही धबधब्याचे वर्णन करणार नाही. वाचकांस मी अमेरिकेतील एका गाडीखान्यात घेऊन जाणार आहे.

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या दक्षिणेस सांता क्लारा नावाचे एक रुंद, सपाट खोरे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा सारा प्रदेश फळबागांचा होता. जर्दाळू, आलुबुखार, चेरी यांच्या बहराने ते खोरे वसंतात फुलून जाई, आणि त्या काळी लोक त्याला ‘हृदयानंदाचे खोरे’ अशा अर्थाच्या नावाने ओळखीत. आज त्याच भूमीला सिलिकॉन व्हॅली म्हणतात, आणि आपल्यापैकी कित्येकांचे मुलगे, मुली, सुना, जावई तेथे नोकरीनिमित्त राहतात. त्या खोऱ्यातील सनीव्हेल या गावी माझ्या मुलाचे बिऱ्हाड आहे. गावात फळे डबाबंद करणाऱ्या लिबी कंपनीच्या जुन्या कारखान्याची पाण्याची टाकी अद्याप उभी असून ती फळांच्या एका प्रचंड डब्यासारखी रंगविलेली आहे. बागांच्या दिवसांची तेवढीच एक मोठी खूण दुरून दिसते.

येथील घरांचे रस्त्याकडून होणारे दर्शन आपल्या दृष्टीला प्रथम चमत्कारिक वाटते. माणसांनी जावयायेवयाचे दार लहानसे, एका बाजूस दडलेले. आणि रस्त्यासमोर मात्र दोन मोटारी एकदम आत शिरतील एवढे रुंद दार, जे बाजूला न सरता वर उचलले जाते. हेच त्यांचे गॅरेज. मूळ शब्द फ्रेंच असून ज्या क्रियापदापासून तो निघाला त्याचा अर्थ आसऱ्यास ठेवणे असा आहे. आपल्याकडेही जुन्या सरदारांच्या वाड्यांना गाडीखाने असत, आणि पुण्यात तर ते नाव एका जागेला अद्याप चिकटून राहिले आहे. तेव्हा मी या वास्तूला गाडीखाना म्हटले तर वाचक हरकत घेणार नाहीत.

मौजेची गोष्ट अशी की, त्या गल्लीतील बहुतेक मोटारी गाडीखान्याबाहेर उघड्यावर उभ्या असत. हिमवर्षाव तेथे होत नाही, पाऊसही चार महिन्यांपुरताच. त्यामुळे मोटारीचे फारसे बिघडत नाही. मग आत काय असते? सायंकाळी फिरावयास निघालो म्हणजे उघड्या दारांतून सहज दिसे. या गाडीखान्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग अडगळीचा. जुनी गादी, फुटलेली पेटी, मुलांच्या लहानपणच्या सायकली, कधीकाळी घेतलेले व्यायामाचे यंत्र, आणि या सर्वांवर आणखी खोकी. आपल्या घरचा माळा जमिनीवर उतरवून ठेवला तर जसा दिसेल तसा तो देखावा असतो. दुसरा वर्ग कर्मशाळांचा, आणि हा संख्येने थोडा. आमच्या शेजारी या दुसऱ्या वर्गातील एक गाडीखाना होता. मी तेथे राहिलो त्या चार महिन्यांत जे जे पाहिले, त्यात हाच गाडीखाना माझ्या मनात अधिक राहिला.

त्याचे धनी ब्याऐंशी वर्षांचे एक विधुर गृहस्थ. सारी हयात यंत्रांचे सुटे भाग कातण्याच्या कामात गेलेली. माझा नातू त्यांना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारतो. त्या देशाची रीतच तशी आहे. माझ्या जिभेला ते वळण काही पडेना. मी त्यांना ‘मिस्टर’ लावूनच बोलत असे, आणि मी शिक्षक होतो असे कळल्यावर त्यांनी मला ‘टीचर’ हे नाव देऊन टाकले. शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास त्यांचे दार वर जाई आणि करवतीचा आवाज सुरू होई. तो ऐकला की नातू म्हणे, “आबा, चला ना.” आणि आम्ही दोघे निघत असू.

आत शिरताच समोरच्या भिंतीशी सागवानासारख्या कठीण लाकडाचे एक जाड टेबल. त्याची उंची अशी की माणूस ताठ उभा राहिला असता त्याच्या मनगटाला ते लागावे. यापेक्षा ठेंगणे असेल तर कंबर वाकते, उंच असेल तर रंध्यावर जोर देता येत नाही. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यास लोखंडी शेगडा पक्का बसविलेला. टेबलावरच्या भिंतीवर भोकाभोकांची पांढरी फळी. हिला ते पेगबोर्ड म्हणतात. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या या पातळ फळीला इंचाइंचावर पाव इंचाची छिद्रे पाडलेली असतात, आणि त्यांत लोखंडी आकडे अडकवून हवे ते हत्यार हवे तेथे टांगता येते. त्यावर हातोडे, करवती, पटाश्या, कानशी, पकडी, पाने आणि गुण्ये हे सर्व आपापल्या आकड्यावर होते. आणि खरी नवलाई पुढेच आहे. प्रत्येक हत्याराभोवती त्याची आकृती काळ्या रंगाने भरून काढलेली होती. हातोडा काढून घेतला की भिंतीवर हातोड्याची काळी छाया शिल्लक राही, आणि ती जणू काही म्हणे की, येथील धनी बाहेर गेला आहे, त्यास परत आणा.

खिळे आणि स्क्रू यांची व्यवस्थाही अशीच युक्तीची. मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांची झाकणे फडताळाच्या खालच्या अंगास स्क्रूने पक्की केलेली, आणि बरण्या त्या झाकणांत फिरवून टांगलेल्या. एका हाताने बरणी फिरविली की सुटते. आत काय आहे ते काचेतून दिसते. आणि टेबलाची एक बोटभर जागाही अडत नाही. लाकडाचे तुकडे लांबीप्रमाणे उभे केलेले. डोळ्यांवर लावावयाचे चष्मे दाराच्या आतच खुंटीवर, म्हणजे ते लावल्यावाचून पुढे पाऊल पडू नये. कोपऱ्यात झाकणाचा एक लोखंडी डबा होता. त्याचे प्रयोजन मी विचारले. लाकडाला जवसाचे तेल चोळून झाल्यावर चिंध्या चुरगळून टाकल्या तर त्या तेलाचा हवेशी संयोग होऊन उष्णता उत्पन्न होते, ती आतल्या आत कोंडते, आणि निखारा जवळ नसतानाही चिंध्या आपोआप पेट घेतात. म्हणून तशा चिंध्या एक तर उघड्यावर पसरून वाळवावयाच्या किंवा त्या डब्यात पाणी घालून बुडवून ठेवावयाच्या. आपल्याकडे जवसाची चटणी आवडीने खाणाऱ्या घरांतही ही गोष्ट किती जणांस ठाऊक असेल, कोण जाणे.

त्या उन्हाळ्यात नातवाच्या मनाने घेतले की गणपती बसवावयास पाट करावयाचा. मागील वर्षी मूर्ती एका उपड्या खोक्यावर वस्त्र घालून बसविली होती, हे त्याच्या बालमनाला लागले होते. पाट म्हणजे काय, हे त्या गृहस्थांस समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी सांगितले, “बसावयास एक फळी, आणि खाली दोन आडव्या पट्ट्या, बस्स.” त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले की, सोप्या दिसणाऱ्या वस्तूत लाकूड सर्वांत अधिक फसविते.

मग आमचे शिक्षण सुरू झाले. पहिला धडा मापाचा. तेथील वखारीत जिला एक इंच जाड आणि बारा इंच रुंद फळी म्हणतात, ती रंधून विक्रीस येते तेव्हा प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि सव्वाअकरा इंच रुंदच भरते. तेव्हा नावावर विश्वासू नये, मोजून घ्यावे. दुसरा धडा लाकडाच्या स्वभावाचा. फळी दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. परंतु ही वाढघट रेषांच्या आडव्या दिशेने होते, लांबीत जवळजवळ होत नाही. आता पाटाच्या खालच्या पट्ट्या नेमक्या आडव्या. त्या सरसकट सरस लावून जखडून टाकल्या तर फळीला हलावयास वाव राहत नाही आणि एखाद्या ऋतूत ती मधोमध तडकते. म्हणून मधला स्क्रू घट्ट, आणि दोन्ही बाजूंच्या स्क्रूंची भोके पट्टीत लांबट पाडावयाची, म्हणजे फळी त्यांत सरकू शकते. आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पाट वापरले गेले. त्यांपैकी काही शंभर वर्षे टिकले आणि काही दहा वर्षांत फाटले. त्याचे कारण आम्ही दैवावर टाकीत आलो. ते खालच्या पट्टीत होते.

हे सर्व ते गृहस्थ शिकवीत असता एक गोष्ट माझ्या ध्यानी तिसऱ्या शनिवारी आली. गुण्या घ्यावयाचा असला म्हणजे ते भिंतीकडे तोंड करीत नसत. मान किंचित एका बाजूस वळवीत, आणि हात मात्र अचूक गुण्यावर जाई. पेन्सिलीची रेघ ते पाहत नसत. तिच्यावर अंगठ्याचे नख फिरवीत, आणि मुलाला पटाशीने ती खोल करावयास लावीत. माझ्या मुलाने मग सांगितले की, त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना वार्धक्याचा विकार जडला आहे. या विकारात दृष्टीचा मध्यभाग जातो आणि कडांना थोडे दिसत राहते. समोरचा चेहरा ओळखू येत नाही, वर्तमानपत्र वाचता येत नाही. पण पांढऱ्या भिंतीवरची मोठी काळी आकृती डोळ्याच्या कोपऱ्यातून कळते. मुलांनी वस्तू जागेवर ठेवाव्यात म्हणून त्यांनी त्या छाया चाळीस वर्षांपूर्वी रंगविल्या होत्या. आता त्या छायाच त्यांचे डोळे झाल्या होत्या. विजेची करवत त्यांनी आपण होऊन बंद केली होती. हाताच्या हत्यारांनी होईल तेवढेच काम ते करीत, आणि जेथे डोळस माणूस पाहिजे तेथे माझ्या अकरा वर्षांच्या नातवाचे डोळे उसने घेत.

नीटनेटकेपणा हा शोभेचा गुण आहे, अशी आपली सामान्य समजूत असते. पाहुणे यावयाचे म्हणजे आपण आवरतो. त्या गाडीखान्यात मला त्या गुणाचे दुसरे स्वरूप दिसले. जेथे प्रत्येक वस्तूला स्थान आहे, तेथे अर्धी दृष्टी गेलेला वृद्ध काम करू शकतो, आणि पूर्वी कधी करवत न धरलेले मूलही करू शकते. जेथे स्थान नाही, तेथे धडधाकट आणि डोळस मनुष्यच कसाबसा निभावतो. बाकीच्यांना बाजूस बसावे लागते. अर्थात् व्यवस्था ही घरातील दुर्बळांसाठी असते. सबळांस तिच्यावाचून चालते, म्हणूनच ते तिची हेळसांड करतात.

माझा पिंड संस्कृताचा असल्याने मला येथे पाणिनीची आठवण झाली. अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रे आहेत, आणि एकेक सूत्र दोन-चार शब्दांचे. इतक्या आखूड वाक्यांनी एवढ्या भाषेचे नियमन होते याचे एक मोठे कारण सूत्रांचा क्रम. मागील सूत्रातील पद पुढल्या सूत्रात आपोआप उतरते, आणि दोन नियमांचा विरोध आला तर कोणता प्रबळ हे पुष्कळदा स्थानावरून ठरते. सूत्र जागेवरून हलविले की त्याचा अर्थच हरपतो. असल्या ग्रंथाचे पठण करणाऱ्या आमच्या घराण्यांत अडकित्ता मात्र रोज हरवावा, हे आश्चर्य नव्हे काय?

असा कित्ता त्या देशात स्वयंपाकघरातही गिरविला गेला आहे. ज्यूलिया चाइल्ड या प्रसिद्ध पाकशास्त्रज्ञ बाईंच्या मॅसॅच्युसेट्समधील घरी, १९६१ साली त्यांचे पती पॉल चाइल्ड यांनी भिंतीवर अशीच भोकांची फळी लावून प्रत्येक कढई-पातेल्याची आकृती तिच्यावर रेखून दिली होती. ते संपूर्ण स्वयंपाकघर आता वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात ठेविले आहे. ही माहिती मी घरी सांगितली, तेव्हा सूनबाई हसून म्हणाली, “बाबा, आपल्या मिसळणाच्या डब्याला तरी दुसरे काय म्हणायचे?” आणि तिचे म्हणणे खरे होते. मोहरी, जिरे, हळद, हिंग, तिखट यांच्या वाट्या ज्या क्रमाने लागल्या त्याच क्रमाने वर्षानुवर्षे राहतात, आणि आपली गृहिणी दिवा गेला तरी फोडणी चुकत नाही. कर्मशाळेचे शास्त्र आपल्या माजघरात पूर्वापार आहे. ओसरीवरच्या पुरुषमंडळींनी ते तेथून शिकून घेतले नाही, एवढेच.

गाडीखान्याचा विषय निघाला असता पालो आल्टो येथील एका गाडीखान्याचे दर्शन न घेणे अनुचित झाले असते. सनीव्हेलहून आगगाडीने थोड्याच वेळात तेथे जाता येते, आणि स्थानकापासून सुमारे मैलभर सावलीच्या रस्त्याने चालत गेले की ॲडिसन अ‍ॅव्हेन्यूवर ३६७ क्रमांकाचे घर लागते. घराच्या पाठीमागे, एका अरुंद वाटेच्या टोकाशी, हिरव्या दारांचा तो लाकडी गाडीखाना आहे. लांबी अठरा फूट, रुंदी बारा फूट. म्हणजे आपल्या मध्यम घरची ओसरी. आत कोणास सोडीत नाहीत. पदपथावरूनच पाहावे लागते.

१९३८ साली बिल ह्यूलेट आणि डेव्ह पॅकार्ड या दोघा तरुण इंजिनियरांनी येथे कामास आरंभ केला. पॅकार्ड आणि त्यांची पत्नी ल्यूसिल हे घराच्या खालच्या मजल्यावर राहत, आणि अविवाहित ह्यूलेट अंगणातील एका लहानशा खोपटात निजत. भांडवल ५३८ डॉलर, आणि त्यात एक वापरलेले छिद्रयंत्र धरलेले. १९३९ च्या प्रारंभी त्यांनी भागीदारी केली; कोणाचे नाव आधी यावे याचा निकाल नाणे उडवून लावला. त्यांचे पहिले यशस्वी यंत्र म्हणजे निरनिराळ्या स्वरांची विद्युत्कंपने उत्पन्न करणारा ऑसिलेटर. ही कंपने एकसारख्या जोराची राहावीत म्हणून ह्यूलेट यांनी त्यात एक लहानसा साधा विजेचा दिवा बसविला. प्रवाह वाढला की दिव्याची तार तापते, तापली की तिचा विरोध वाढतो, आणि प्रवाह पुन्हा आवरला जातो. ज्या कामास महागडी योजना लागली असती ते काम त्यांनी एका दिव्याकडून करवून घेतले. ‘फँटेशिया’ या १९४० सालच्या चित्रपटासाठी डिस्ने यांच्या कंपनीने असली आठ यंत्रे विकत घेतली. पुढे त्या भागीदारीची जगप्रसिद्ध कंपनी झाली. १९८७ साली कॅलिफोर्निया राज्याने या जागेला ऐतिहासिक स्थळ ठरविले, आणि २००० साली कंपनीने ती वास्तू विकत घेऊन जतन केली.

ही कथा सांगताना दोन तरुणांचीच नावे घेतली जातात. मला त्यात ल्यूसिलबाईंचा भाग अधिक बोलका वाटतो. त्या विद्यापीठाच्या कचेरीत नोकरी करीत, आणि आरंभी घरखर्चास त्या पगाराचा आधार होता. यंत्रांच्या दर्शनी पत्र्यांवरचा रंग पक्का करावयाचा तो त्यांच्या स्वयंपाकघरातील भट्टीत भाजून. म्हणजे गाडीखाना, खोपटे आणि चूल अशा तीन ठिकाणी मिळून तो धंदा उभा राहिला, आणि साऱ्या घराने आपली गैरसोय सोसली. नाही तर गाडीखाने त्या खोऱ्यात सर्वांनाच आहेत. लॉस अल्टॉस गावी असाच दुसरा एक प्रसिद्ध गाडीखाना आहे, त्याचा संबंध ‘ॲपल’ कंपनीच्या आरंभाशी जोडला जातो. परंतु त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी वॉझ्नियॅक यांनीच पुढे सांगितले की, यंत्राची रचना तेथे झालेली नाही. केवळ जागेला माहात्म्य देणे भाविकांना शोभते. विवेकी माणसाने तेथे काम कसे चालले ते पाहावे.

स्वतःची जागा नसलेल्यांचे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचेही उत्तर त्याच भागात मिळते. खाडीच्या पलीकडील बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७९ पासून हत्यारांचे ग्रंथालय चालविले आहे. ज्याप्रमाणे पुस्तक न्यावे, वाचावे आणि मुदतीत परत करावे, त्याप्रमाणे तेथून शहरातील लोक शिडी, करवत, छिद्रयंत्र घरी नेतात आणि काम झाले की परत देतात. पुस्तक परत न करणाऱ्या सभासदांचा अनुभव आपल्या नगरवाचनालयांना पुष्कळ आहे, तेव्हा हा उपक्रम आपल्याकडे काढण्यापूर्वी घरातल्या घरात थोडा सराव केलेला बरा.

आता आपल्या घरांकडे वळू. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी विळी, करवत, अडकित्ता, शिवणयंत्र यांना हळदकुंकू आणि झेंडूचे फूल मिळते. दशमी उलटली की हातोडा पुन्हा मोरीच्या कोनाड्यात आणि पक्कड कोणाच्या तरी पलंगाखाली. शिवाय लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या घरांत हत्यार धरणे हे सुताराचे काम, आपले नव्हे, अशी एक जुनी समजूत मुरलेली आहे. ती मोडणारे पुरुषही आपल्यातच झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी मुंबईच्या तंत्रसंस्थेतील शिक्षकाची नोकरी केली, १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान घातले, पुढे लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. १९३७ साली वर्ध्यास महात्माजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची योजना मांडली. मी ज्या शाळेत आयुष्य घालविले तेथे वेळापत्रकात हस्तव्यवसायाचा तास होता. परीक्षा जवळ आली की तो गणिताकडे जाई, आणि कोणाही पालकाने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

एकत्र कुटुंबात तर हत्यारांची व्यवस्था अधिकच अवश्य. जे एकट्याचे असते त्याची जागा त्या एकट्याला ठाऊक असली तरी चालते. जे दहा जणांचे आहे त्याची जागा भिंतीलाच ठाऊक असली पाहिजे. यासाठी गाडीखाना लागत नाही. तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी प्लायवुडची एक फळी जिन्याखाली किंवा गॅलरीत लावावी. हातोडा, पक्कड, दोन पेचकस, करवत, कानस, गुण्या, पाना आणि मोजपट्टी इतकी हत्यारे पुष्कळ झाली. प्रत्येकाभोवती आकृती काढून ती काळ्या रंगाने भरावी. धारेची हत्यारे लहान मुलांच्या हातापलीकडे, आणि धारेवर आवरण. डोळ्यांचा चष्मा सर्वांत आधी हाताला लागेल असा. ज्याने हत्यार दुसऱ्या खोलीत नेले त्याने आपल्या नावाची चिठ्ठी त्या रिकाम्या आकृतीवर अडकवावी. आणि रात्री निजण्यापूर्वी फळीकडे एक दृष्टी टाकण्याचे काम घरातील एका मुलाकडे महिनाभर द्यावे, मग दुसऱ्याकडे. एवढ्याने खुर्च्या डुगडुगावयाच्या थांबतील, बिजागऱ्या कुरकुरावयाच्या थांबतील, आणि मुख्य म्हणजे मुलांस कळेल की मोडलेली वस्तू दुरुस्त होऊ शकते.

यात आणखी एक गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींच्या वतीने सांगावीशी वाटते. आपल्याकडे वडील माणसाचे हात थोडे थरथरू लागले, चष्म्याचा नंबर वाढला, की प्रेमाने म्हणतात, “बाबा, तुम्ही बसा हो आता.” त्यात माया असते, आदरही असतो, परंतु त्या वाक्याबरोबर त्या माणसाच्या हातातील काम कायमचे निघून जाते. आपली एकत्र कुटुंबे वृद्धांस एकटे पडू देत नाहीत, हे त्यांचे थोर पुण्य. पण एकटा नसलेला मनुष्यही रिकामा असू शकतो. शेजारचे ते गृहस्थ एकटे होते, आणि ते दुःख मी पाहिले आहे. त्यांची मुलगी दुसऱ्या राज्यात राहते. वडिलांनी वृद्धांच्या संस्थेत जावे, तेथे सर्व सुखसोयी आहेत, असा तिचा आग्रह. तिचेही चुकत नाही; रात्री-अपरात्री ते पडले तर पाहावयास कोण आहे? ते मला एकदा म्हणाले, “टीचर, तेथे जेवण आहे, परिचारिका आहे, बाग आहे. भिंत नाही.” त्यांनी मुलीकडून एक वर्षाची मुदत मागून घेतली होती, आणि मी निघालो तेव्हा त्यातील पाच महिने उरले होते. तसा प्रश्न आपल्या घरी उभा राहिला असता मनुष्यबळ भरपूर निघाले असते, आणि कामासाठी एक भिंतही देता आली असती. दोन्ही एकत्र ठेवणे आपल्याच हाती आहे.

पाट गणपतीपूर्वी आठ दिवस पुरा झाला. जवसाचे तेल तीन वेळा चोळले, चिंध्या डब्यात गेल्या, आणि पाटाच्या खालच्या अंगास नातवाने मराठीत वर्ष घातले. त्याला देवनागरी अंक काढून दाखविण्याचा मान मला मिळाला. मूर्ती आली त्या दिवशी शेजारचे गृहस्थ आरतीला आले होते. त्यांना मूर्ती नीट दिसली नसावी. त्यांनी पाटाच्या कडेवरून बोट फिरवून पाहिले आणि मान हलविली.

त्यांनी आपली हत्यारे एकेक करून देऊन टाकण्यास प्रारंभ केला आहे. लहान रंधा नातवास मिळाला. भिंतीवरची रंध्याची काळी छाया पुसून टाकू का, असे त्याने विचारले, तर ते नको म्हणाले. कोणते हत्यार कोणाकडे गेले ते त्यावरून त्यांच्या ध्यानात राहते. तो रंधा आता मुलाच्या घरी एका फळीवर टांगलेला आहे, आणि त्याच्याभोवती नवी आकृती काढलेली आहे. या वर्षीच्या खंडेनवमीस आपल्या घरातील हत्यारे पूजेसाठी गोळा कराल, तेव्हा पूजा आटोपल्यावर ती पुन्हा विखुरण्यापूर्वी एक फळी आणि थोडा काळा रंग आणून ठेवावा, आणि पहिली आकृती घरातील सर्वांत वडील माणसाकडून काढवून घ्यावी, अशी वाचकांस विनंती करून हा लेख पुरा करतो.